पंच्याहत्तरीची डिस्क

कृतिका अकराव्यांदा हसली, तेव्हा वासंतीनं लॅपटॉपवरचा व्हिडिओ थांबवला.

आबांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग धाकट्या दिरानं, विनीतनं, आपल्या कॅमेऱ्यावर केलं होतं. मोबाइलवर काही बघायचं म्हटलं की आबांचे डोळे चुरचुरतात. त्यांना डिस्क हवी होती, टीव्हीवर लावून सगळ्यांनी मिळून बघायला. लग्नाआधी वासंती ठाण्यातल्या एका फोटो स्टुडिओत मिक्सिंगचं, म्हणजे शूटिंग कापून जोडायचं काम करायची, त्यामुळे कॅमेऱ्यातलं कार्ड आपसूक कोपरीला तिच्याकडे आलं. काम निघालं की या घरात सगळ्यांना तीच आठवते. कौतुक करायची वेळ आली की मात्र धाकटी सून.

आता तर पुरावाच समोर होता. कृतिका नथ सावरताना, कृतिका पाहुण्यांना पेढे देताना, कृतिका नुसतीच उभी. विनीतला बायकोपलीकडे समारंभ दिसलाच नव्हता. दोन तासांत वासंती दोनदा दिसली, एकदा पाठमोरी आणि एकदा निम्मी, तीही पाण्याचा जार उचलताना. सगळ्यात जिव्हारी लागलं ते औक्षण. पहाटे उठून कणकेचे पंच्याहत्तर दिवे वासंतीनं केले, उकडले, जपून हॉलवर नेले. आणि ताट हातात घेऊन ओवाळायला पुढे कोण, तर नऊ वाजता कोलशेतहून नटून आलेली कृतिका.

मग वासंतीनं कात्री चालवली. नथ गेली, पेढे गेले, सगळं हसणं गेलं. औक्षण काढता येईना, ते नसेल तर पंच्याहत्तरी कसली? तिथे तिनं चित्र इतकं मोठं केलं, की आबा, ताट आणि ओवाळणारे दोन हात एवढंच उरलं. हात काय, कुणाचेही असू शकतात.

हे चाललेलं असताना कार्डावर एका वेगळ्या फाइलमध्ये तिला एक घबाड सापडलं. हॉलच्या मागच्या खोलीत ती एकटी दिव्यांत तूप सोडत बसली होती आणि कुणीतरी ते टिपलं होतं. तिला तेव्हा पत्ताही लागला नव्हता. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबत होता, बोटांवर येत होता, पुन्हा चेहऱ्यावर जात होता. मनगटानं कपाळाचा घाम पुसणारी ती बाई वासंतीला स्वतःलाच आवडली. चांगली सहा मिनिटं होती. भाऊजींना दिसत होतं तर, असं म्हणत तिनं दिराला मनातल्या मनात माफ केलं आणि ती सहाच्या सहा मिनिटं सुरुवातीलाच लावली. पाच डिस्क काढल्या. एक गावच्या भावकीकडे गेलीसुद्धा.

रविवारी डोंबिवलीला आबांच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले. पहिल्याच मिनिटाला वासंतीचा नवरा नाथा चहाचा कप हातात धरून तसाच थांबला. "अगं, ही तू?" तो म्हणाला. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर त्याला हा प्रश्न पडला होता.

आबा खुर्चीत पुढे सरकले. "एवढं एकटीनं केलंस तू, पोरी? मला कुणी बोललंसुद्धा नाही."

वासंतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हेच तर हवं होतं तिला, इतकी वर्षं.

"विनीत, हे बाकी झकास घेतलंयस," आबा म्हणाले.

"ते मी नाही घेतलं, आबा. मी तेव्हा केटरिंगवाल्याशी भांडत होतो. कॅमेरा कृतिकाकडे दिलेला."

"ताईंना सांगितलं असतं, तर उठून गेल्या असत्या," कृतिका म्हणाली. "म्हणून दारातूनच घेतलं, गुपचूप. इतक्या छान दिसत होत्या."

वासंतीनं रिमोटसाठी इकडेतिकडे पाहिलं. तो आबांच्या मांडीवर होता. डिस्क तशीच पुढे सरकत राहिली आणि बऱ्याच वेळानं टीव्हीवर औक्षण आलं.

"हे ओवाळतंय कोण?" आबांनी विचारलं. "नुसते हातच दिसतायत."

"कृतिकाच आहे," विनीत म्हणाला. "पण मी तर तिचा चेहरा घेतलेला, पूर्ण घेतलेला. वहिनी, तो कुठे गेला?"

कृतिकानं टीव्हीकडे पाहिलं, मग वासंतीकडे. अर्धी डिस्क होऊन गेली होती आणि ती अजून एकदाही दिसली नव्हती. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलंय हे वासंतीलाही कळलं.

"तो चांगला आला नव्हता," कृतिका म्हणाली. "डोळे मिटलेले माझे. मीच म्हटलेलं ताईंना, तेवढं काढून टाका."

"असं होय," म्हणत आबा पुन्हा दिवे बघण्यात गुंगले. विनीतनंही मान डोलावली. नाथानं बायकोचं कौतुक वाटून तिच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.

वासंती सुटली होती. घरात आता कुणीच तिला काही विचारणार नव्हतं. आणि धाकट्या जावेचा इतका राग तिला आजवर कधीच आला नव्हता.