मोठ्या कॉलेजातला पोरगा

“मुंबईच्या त्या मोठ्या कॉलेजात या भागातला एकच पोरगा शिकतो, असं चार गावांत ऐकलं. तुमचा. खरं ना, हवालदार?” चावडीच्या ओट्यावर बसलेल्या फौजदारानं विचारलं.

नाथाजी समोर उभा होता. निम्मं गाव भोवतीनं जमलं होतं. एरवी कुणी एवढं विचारायची खोटी, की नाथाजीची कळी खुलायची. पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला माणूस. पण गेली दोन वर्षं स्वतःच्या लढाईपेक्षा पोराच्या, मानसिंगाच्या कॉलेजचंच त्याला जास्त कौतुक. तिथं अख्ख्या जिल्ह्यातून एकदोघांनाच घेतात. तिथले मास्तर विलायतेत शिकलेले. तिथून बाहेर पडलेला पोरगा थेट कलेक्टरच्या खुर्चीत. शेजारच्या आकारामाचा धुळा सांगलीच्या कॉलेजात होता, तर नाथाजी पारावर चारचौघांत म्हणायचा, “सांगलीचं कसलं कॉलेज रं आकाराम? हळदीच्या पेठंत पावत्या फाडायपुरतं!” माणसं हसायची. आकाराम मान खाली घालून तंबाखू मळत राहायचा.

पण गेले पाच महिने नाथाजीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्यानं मानसिंगाला टाकलेलं कार्ड परत आलं होतं. त्यावर होस्टेलच्या कारकुनानं लिहिलं होतं, ‘कॉलेज सोडले. पत्ता माहीत नाही.’ ही गोष्ट त्यानं बायकोलाही कळू दिली नाही. मनुबाईला वाचता येत नव्हतं. तिला तो जुनीच पत्रं नवी म्हणून वाचून दाखवायचा. आणि बाहेर आणखीच फुगवून सांगायचा. मानसिंग पहिला आला. मानसिंगाला गोऱ्या साहेबानं बक्षीस दिलं.

“काय झालं, साहेब?” त्यानं विचारलं.

“गेल्या आठवड्यात चळवळवाल्यांनी तारा तोडल्या, रूळ उखडले. त्या टोळीतला एक जण हाती लागलाय. म्होरक्याचं खरं नाव त्याला ठाऊक नाही. सगळे त्याला ‘कॉलेजवाला’ म्हणतात म्हणे. इथलाच आहे, मुंबईचं मोठं कॉलेज सोडून आलेला.” फौजदारानं वही उघडली. “मुलाचं नाव सांगा.”

पोरगा जिवंत आहे, हे नाथाजीला आधी कळलं. दुसऱ्याच क्षणी त्याला घाम फुटला. हा फौजदार आपल्या दारात कुणी आणला? चार गावांत दवंडी कुणी पिटली?

त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

“साहेब, त्यो कॉलेजात कवा गेलाच न्हाई.”

“काय?”

“थापा मारल्या म्या. गेला व्हता नाव घालाय, पर त्येंनी दारातनंच परत पाठिवला. खेड्यातलं पोरगं, इंग्रजी बोलता येईना. आता तितंच कुठल्याशा खानावळीत उष्टी ताटं उचलतोय. लाजंनं पत्ता बी कळवत न्हाई. आन म्या लाजंपायी ह्ये सोंग केलं.”

मागं बायकांत मनुबाई उभी होती. ती मटकन खाली बसली. नवऱ्यानं आत्ता सांगितलेलं तिला खरंच वाटलं होतं.

फौजदाराची नजर तिच्यावरून परत नाथाजीवर आली. “पलटणीतला माणूस दोन वर्षं गावाला थापा मारतो?” त्यानं गर्दीत बोट दाखवलं. “तुम्ही यांचे शेजारी ना? तुम्ही बोला.”

आकाराम पुढं आला. नाथाजीनं डोळे मिटून घेतले. दोन वर्षांच्या थट्टेचं उट्टं एका शब्दात काढायची संधी आकारामाला मिळाली होती, आणि त्याला खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

“आमाला पयल्यापासनंच ठाव हाय, साहेब,” आकाराम म्हणाला. “म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून गाव ऐकून घेतंय. आवं, पाटी फोडून घरी येणारं पोरगं त्ये. त्येला कोन घेतंय मोठ्या कॉलेजात?”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी चावडीच हसली. पटका हातात धरून नाथाजी त्या हसण्यात उभा राहिला. शेवटी फौजदारालाही हसू आलं. “तरी कॉलेजला लिहून खात्री करीन,” असं बजावून, मानसिंगाचं नाव वहीत टिपून तो शिपायांना घेऊन निघून गेला.

गर्दी पांगली. नाथाजीनं आकारामाचा हात घट्ट धरला. “तुजं उपकार कसं फेडू गड्या?”

आकारामानं इकडंतिकडं पाहिलं. “उपकाराचं ऱ्हाऊ दे. सायबाचा कागद मुंबईला जाऊन यायला आठ-धा दिस लागत्याल. तवर पोरांस्नी औंध संस्थानाच्या हद्दीत पोचवाय पायजे. तितं ह्या पोलिसांचं काय चालत न्हाई.”

“पोरांस्नी?”

“माजा धुळा बी त्येच्यासंगंच हाय. सांगली सोडून सा म्हैनं झालं. दोगांची भाकरी मीच पोचवतोय.”

ज्या माणसाला पारावर बसून टाकून बोललो, त्याच्या घरची भाकरी आपला मानसिंग खात होता. “तुजी-माजी भिंत एक,” तो कसाबसा म्हणाला. “पाच म्हैनं मी आतल्या आत मरतोय. मला का न्हाई सांगितलंस?”

आकारामानं हात सोडवून तंबाखू मळायला घेतली. मग नाथाजीकडं न बघताच म्हणाला,

“मानसिंगानं शपथ घातलीया. म्हणला, ‘आबांला तेवढं सांगू नगा काका. त्येस्नी अभिमान वाटंल, आन त्ये गावभर सांगत सुटतील.’”