समोरची सीट

पंगतीत बुंदी वाढता वाढता धनलाल पटले मटकन खाली बसले आणि आडवेच झाले. हातातली परात उलटली. पोरीचं लग्न लागून घटकाही झाली नव्हती. नागरा गावातल्या त्या मांडवात एकच गलका उठला, डॉक्टरसाहेबांना बोलवा.

डॉक्टर शालीकराम रहांगडाले त्याच पंगतीत होते. गोंदियात त्यांचा दवाखाना, सकाळपासून नंबर लावावा लागे अशी गर्दी. समाजात कुठेही लग्न निघालं की त्यांना मानाचं बोलावणं ठरलेलं. उष्ट्या हातानेच ते धावले. मनगट धरलं, मानेला बोटं लावली. नाडी लागेना. श्वासही नव्हता.

छाती दाबायची, एवढं त्यांना आठवत होतं. पण नेमकी कुठे, किती जोराने, किती वेळ? कॉलेजात मागच्या बाकावरून कधीतरी पाहिलेलं. पुढे सारी उमर ताप-खोकल्यात आणि बीपीच्या गोळ्या लिहिण्यात गेली. तळहात टेकवून त्यांनी दोन-तीनदा दाबलं. आतून काडकन आवाज आला. बरगडी गेली वाटतं! अख्खा मांडव त्यांच्या हातांकडे बघत होता. उद्या लोक म्हणतील, डॉक्टरनेच हाडं मोडली. त्यांनी हात काढून घेतले.

"गाडी काढा, लवकर," ते म्हणाले. आवाज मात्र अगदी ठणठणीत निघाला.

धनलालचा भाऊ छोटेलाल बोलेरो घेऊन आला. धनलालला मागे आडवं केलं, बायकोने, चमेलीने, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बाजूला आणखी एका माणसापुरती जागा होती. डॉक्टरांनी ती पाहिली. तेवढ्यात छोटेलालने पुढचं दार उघडलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने सीट पुसली.

"तुमी समोर बसा साहेब. मांगं तुमाले अडचण होईल."

मानाच्या पाहुण्याला गाडीत पुढेच बसवायचं असतं. भाऊ मरणाच्या दारात असतानाही छोटेलाल ते विसरला नाही. डॉक्टर जरा घुटमळले. मागे बसलं की पुन्हा हात लावावा लागणार. ते पुढे बसले. बसल्यावर त्यांना हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की वरच्या आरशात बघण्याची हिंमत होईना.

गाडी गोंदियाच्या रस्त्याला लागली. छोटेलाल हॉर्नवरचा हात काढत नव्हता. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून डॉक्टरांनी त्याला दोनदा सांगितलं, खड्डे सांभाळ. मागून चमेलीचा आवाज आला.

"साहेब, हात चोळून राहिली मी त्यायचे. अजून काय करू?"

डॉक्टर समोरच्या काचेतून बघत राहिले. "चोळत राहा," ते म्हणाले.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी धनलालला ताब्यात घेतलं. त्या स्टुलावर चढल्या आणि अंगाचा सगळा भार देऊन छाती दाबू लागल्या. आतून येणाऱ्या आवाजांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. दमल्या की नर्स दाबायची, मग पुन्हा त्या. डॉक्टर रहांगडाले दारातून बघत होते आणि लग्नातून मागोमाग आलेल्या पाहुण्यांच्या गर्दीत हळूहळू मागे सरकत होते. शेवटी बाई स्टुलावरून उतरल्या, कपाळावरचा घाम पुसला आणि चमेलीला जे सांगायचं ते सांगितलं.

मग त्यांनी हळूच विचारलं, रस्त्यात कोणी यांची छाती दाबत होतं का?

चमेलीने पदराने तोंड पुसलं. "डॉक्टर होते ना बाई, आमच्या संगं गाडीत. त्यायनं काही कमी नाही केलं."

"कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. पाहुणे अदबीने दोन्ही बाजूंना सरकले आणि डॉक्टरसाहेबांना पुढे यायला त्यांनी वाट करून दिली.