कारणाची ओळ

कारखान्यात कामगारांच्या फायली मीच सांभाळायचो, एकोणीस वर्षं. बायकोने अंथरूण धरलं त्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि नोटीस न देताच घर गाठलं. सात महिन्यांनी ती गेली. आज ही चौथी मुलाखत.

साहेबांनी कारखान्यातून आलेला माझा कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावर लाल शिक्का होता : 'नोटीस न देता नोकरी सोडली. पुन्हा घेऊ नये.'

"कारण नाही लिहिलेलं इथे," ते म्हणाले.

"साहेब, बायको आजारी..."

"अहो, तोंडाने सगळेच सांगतात. कागदावर हवं."

&nbsp;

काही वर्षांपूर्वी कारखान्यासाठी तो शिक्का बनवून घेताना त्यातली कारणाची ओळ मीच वगळायला लावली होती. म्हटलं होतं, "सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी आजारी असतं!"