भाषा : इतर

सिस्टरने इंजेक्शन भरायला घेतलं तसा म्हातारा पुन्हा ओरडू लागला. वॉर्डबॉयने त्याचे दोन्ही हात खाटेला दाबून धरले होते.

"हा सकाळपासून काय सांगतोय, काही पत्ता लागत नाही," डॉक्टर वैतागून म्हणाले. "वॉर्डात कुणाला याची भाषा येते का?"

खाटांवरून नकारार्थी माना हलल्या. वीस खाटांच्या त्या वॉर्डात किनाऱ्यावरचे होते, पठारावरचे होते, दोन्ही धर्मांचे होते. देश एवढासा, की सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला सरहद्दीवर पोचायचा. तरी त्यात भाषा अडीच, असं लोक हसत म्हणायचे. दोन सरकारी आणि अर्धी डोंगरवाल्यांची. म्हाताऱ्याला रस्त्यावरून उचलून आणलेलं. त्याच्या कार्डावर धर्म आणि भाषा, दोन्ही रकान्यांत 'इतर' लिहून टाकलं होतं.

फरशी पुसणाऱ्या मावशीचा हात मात्र जागच्या जागी थांबला होता. तिला शब्दन् शब्द कळत होता. हे औषध नको, मागच्या खेपेला यानेच घसा सुजला, श्वास कोंडला, मरता मरता वाचलो. म्हातारा तेच तेच सांगत होता, तिच्या आईच्या बोलीत.

नोकरीच्या कागदावर तिची भाषा पठारावरची होती. लेकही पठारावरच्या घरात दिलेली. मागच्या वर्षी इथल्याच एका आयाचा ओल्या फरशीवर पाय घसरला आणि तोंडून डोंगरातल्या बोलीत आईची हाक निसटली. महिनाभरात तिची नोकरी गेली.

सिस्टरने म्हाताऱ्याच्या दंडावर कापूस फिरवला.

"थांबा हो सिस्टर!" मावशी बोलून गेली. "त्यांना हे इंजेक्शन सोसत नसेल. मागे कधी घसाबिसा सुजला असेल."

डॉक्टर वळले. "मावशी, तुम्हाला कळतंय हा काय बोलतोय ते?"

"छे हो, मला कुठलं कळायला! माझ्या जावेचं असंच झालं होतं. तीही सुई बघितली की अशीच जिवाच्या आकांताने ओरडायची."

डॉक्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग सिस्टरला म्हणाले, "राहू दे. दुसरं देऊ."

सुई ट्रेमध्ये गेली. वॉर्डबॉयने हात सोडले. म्हातारा धापा टाकत गप्प झाला आणि मान वळवून मावशीकडे बघू लागला. बघता बघता त्याचा चेहरा उजळला.

"पोरी," तो आपल्या बोलीत म्हणाला, "तू तर आपली. कुणाची गं तू?"

अख्खा वॉर्ड तिच्याकडे बघत होता. मावशीने फडका बादलीत पिळला.

"काय म्हणतायत हो हे, सिस्टर?"

"देवालाच ठाऊक. आणि त्याला तरी ही भाषा येते की नाही कुणास ठाऊक!"

वॉर्ड हसला.

म्हातारा अजून उत्तराची वाट बघत होता. मावशीही हसली, सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानेच.