थोरलीचं सॉकेट

साऱ्या गल्लीला जाड वायरी ओढून देणारा वायरमन, पण स्वतःच्या बायकोचा हीटर मात्र जळक्या एक्स्टेंशन बोर्डावर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं त्याची दुसरी बायको येताजाता ऐकवायची.

मागच्या खोलीत स्वतंत्र लाइनचं मोठं सॉकेट होतं. नवऱ्यानं ते थोरलीच्या, म्हणजे पहिल्या बायकोच्या, हीटरसाठी बसवलं होतं. ती वारून नऊ वर्षं झाली, तिचा हीटर भंगारात गेला, तरी तिथे दुसरं काही लावायची बंदी.

"त्या लाइनवर आधीच लोड आहे," तो म्हणायचा.

"कुणाचा? माझ्या सवतीचा?"

त्या दुपारी बोर्डातून धूर निघाला. धाकटी हीटर उचलून तडक मागच्या खोलीत गेली. खोली उबदार होती. रिकामं सॉकेट तळहातासारखं कोमट लागलं.

तिनं पिन खोचली. आतून कुणीतरी ढकलावी तशी ती हळूच बाहेर आली. तिनं जोर लावून पुन्हा खोचली. पुन्हा तेच, या वेळी जरा रागानं.

दारात नवरा उभा होता. "तिला थंडी सोसत नाही गं," तो समजुतीनं म्हणाला.

धाकटीनं वायर गुंडाळली.

"कळलं हो. या घरात नांदतेय ती थोरली. मेले ती मी."