चिंच नंबर सात

“माप कुठल्या उंचीवर घेतलं?” सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वही न उघडताच विचारलं.

“एकशे सदतीस सेंटिमीटरवर, सर.” आठवीतली वैष्णवी उभी राहिली. तिच्या हातात वेळूची काठी होती आणि काठीवर लाल ऑइलपेंटची खूण. “मोठ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर घ्यायचं असतं.”

“मोठ्या माणसाच्या ना? मग तुम्ही पोरी केवढ्याशा! आपापल्या उंचीनं मोजलं असणार. बुंधा खाली रुंद असतो, आकडा फुगतो. साधं विज्ञान आहे. काय मॅडम?”

मॅडम म्हणजे ज्योत्स्नाबाई, विज्ञान शिकवणाऱ्या. त्यांच्याच सांगण्यावरून पोरींनी तीन रविवार खपून शाळेच्या रस्त्यावरच्या एकोणीस चिंचा मोजल्या होत्या. रस्ता रुंद व्हायचा होता, त्यासाठी त्या तोडायच्या होत्या, आणि बाईंनी त्यावर हरकत घेतली होती. रुंद रस्ता हा आमदार भाऊंचा शब्द होता, आणि भूमिपूजनाला मंत्र्यांची तारीख मिळालेली. पन्नास वर्षांवरचं एक जरी झाड निघालं असतं, तरी फाइल मंजुरीसाठी मुंबईला जाऊन पडली असती. मग काय, झाडांची सरकारी यादी करणाऱ्यांनी चिंचांनाच तरुण करून टाकलं! सात नंबरच्या चिंचेखाली भागीबाई पेरू विकते, तिच्या आधी तिची सासू तिथंच विकायची. त्या चिंचेचा घेर यादीत एकशे नव्वद, वय अडतीस. वैष्णवीच्या वहीत घेर तीनशे बारा. घेरावरूनच वय धरतात, त्या हिशेबानं चिंच साठीच्या पुढची.

मागच्या खुर्चीत शरच्चंद्रराव बसले होते, शाळेच्या संस्थेचे सचिव. ज्योत्स्नाबाईंना सकाळी त्यांनीच आपल्या गाडीतून आणलं, वाटेत थांबून चहाही पाजला. “तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढलीत तुम्ही. कायम करायचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे. आपले अध्यक्ष यंदा भाऊंच्या पक्षाकडून उभे राहताहेत. एवढं ध्यानात असू द्या म्हणजे झालं.” धमकी नव्हती हो! साखर कमी पडली का, तेही विचारलं त्यांनी. बाईंच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

वैष्णवी मागून सिटीबसनं आली होती, काठी आत घेण्यासाठी कंडक्टरशी भांडून.

“नाय सर,” ती आता म्हणाली. “बाईंनी तेपण करून घेतलंय. आधी खुणेवर मोजलं, मग आमच्या उंचीनं. फरक अकरा सेंटिमीटर पडला. अकरानं काय होतंय? आणि झाड कुठं पळून गेलंय का? चला की आत्ता, टेप हाय माझ्याकडं.”

कोपऱ्यातला कारकून फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. “बेटा, सुनावणी कागदावर होते, झाडाखाली नाही.” मग त्यांनी खुर्ची बाईंकडे वळवली. “मुलीचं राहू द्या. मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मुलींची मापं चुकली असू शकतात की नाही?”

वैष्णवीचा चेहरा खुलला. आता बाई बोलणार होत्या. ह्याच बाईंनी अर्ध्या सेंटिमीटरसाठी अख्खा वर्ग पुन्हा मोजायला पाठवला होता. वर्षाच्या पहिल्याच दिवशी ह्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं: प्रयोगवहीत खोडरबर चालणार नाही. आकडा चुकला, तर त्यावर एकच रेघ मारायची आणि वर बरोबर आकडा लिहायचा. चूक झाकायची नाही, दिसू द्यायची.

मागं शरच्चंद्रराव नुसते खाकरले.

“असू शकतात,” बाई म्हणाल्या. “लहान आहेत मुली.”

लाज वाटली त्यांना, नाही असं नाही. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. कारकुनाकडं कागद टाइप करून तयारच होता: मोजमापात विद्यार्थिनींची चूक, सबब हरकत मागे. दाखवलेल्या जागी बाईंनी सही केली.

“मंगळवारी सकाळी कटर येतील,” साहेब शरच्चंद्ररावांना म्हणाले. “शाळेला सुट्टी द्या. मुलांना उगाच धुळीचा त्रास नको.”

“देतो की. आणि पर्यावरण दिनाला शंभर रोपं लावू आपण. पोरींच्याच हातानं.”

व्हरांड्यात वैष्णवी बाकावर जाऊन बसली. काठी तिनं भिंतीला टेकवून ठेवली होती. ज्योत्स्नाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “बाळा...” त्या म्हणाल्या.

पोरीनं मान वर केली नाही. मांडीवर वही उघडली, दप्तरातून पट्टी काढली आणि सात नंबरच्या ओळीत तीनशे बारावर रेघ ओढली. एकच आणि सरळ, शिकवली होती तशी. मग पेन त्या आकड्याच्या वर धरून थांबली.

“बाई,” तिनं विचारलं, “वर किती लिहू?”