साहेबांचा घाम

साहेब श्रमदानाचा फोटो काढायला निघाले आणि मेकअपवालीची झोप उडाली. "चेहऱ्यावर घामाचा एक थेंब दिसला, तर उद्यापासून दुसरी बाई बघू," असा दम सेक्रेटरीने आधीच भरला होता. उकाडा तर असा की श्वाससुद्धा चिकट लागत होता. तिने साहेबांच्या गालांवर बर्फ फिरवला, मग मेकअपचा पातळ थर दिला, वर पावडर, वर स्प्रे. एसी गाडीतून तो चेहरा तळहातावरच्या फोडासारखा जपत तिने खड्ड्यापर्यंत आणला. मजूरबाईने सकाळपासून खणलेल्या त्या खड्ड्यात साहेबांनी ऐटीत फावडं टेकवलं.

फोटोग्राफर वैतागला. "छे! साहेब लग्नाला आल्यासारखे दिसतायत. कष्ट कुठायत?"

मेकअपवालीने बाटली काढली आणि साहेबांच्या कपाळावर पाण्याचे टपोरे थेंब उडवले.

"हां, आता कसं!" सेक्रेटरी खूश झाला. तेवढ्यात त्याची नजर फोटोपुरत्या मागे उभ्या केलेल्या, घामाने निथळणाऱ्या मजूरबाईवर गेली.



"ओ बाई, तिचा घाम पुसा आधी. साहेबांपेक्षा जास्त दिसतोय!"